पनीरचं पाणी आणि जिमची पावडर : व्हे प्रोटीन म्हणजे नेमकं काय?

गावोगावी जिम झाल्या, तशी व्हे प्रोटीनच्या डब्यांची मागणी वाढली. एका डब्याला काही हजार रुपये मोजणारी पोरं आहेत. दुसरीकडे पनीर करणारे पिवळसर पाणी गटारीत सोडतात. त्यावरून दोन समज पसरलेत. एक, पनीरचं पाणी म्हणजे फुकटातली पावडर. दुसरा, पावडर म्हणजे स्टेरॉइड. दोन्ही चुकीचे आहेत.

दुधातली दोन प्रथिनं

गाईच्या दुधात साधारण सव्वातीन टक्के प्रथिनं असतात, म्हशीच्या दुधात थोडी जास्त. त्यातला ८० टक्के भाग केसिन आणि २० टक्के व्हे. दुधात आंबट घातलं की केसिनचा गोळा होतो, व्हे मात्र पाण्यात विरघळलेलं राहू शकतं.

दर्जा चांगला का?

शरीराला ९ अमिनो आम्लं अन्नातूनच घ्यावी लागतात. ती सगळी व्हेमध्ये भरपूर आहेत. ज्वारी आणि गव्हात लायसिन हे अमिनो आम्ल कमी पडतं, व्हेमध्ये ते भरपूर असतं. स्नायू भरून काढायला लागणारं ल्युसिनही जास्त. शिवाय व्हे लवकर पचतं, केसिन हळूहळू पचतं. प्रथिनांचा दर्जा मोजायच्या एका पद्धतीत सर्वात जास्त गुण १ असतो. व्हे आणि अंड्याला तो पूर्ण मिळतो, गव्हाला निम्म्याच्या आसपास किंवा कमी.

मग पनीरचं पाणी प्यावं का?

प्या, पण हिशेब समजून. पनीरसाठी दूध ८० अंशांच्या वर तापवतात. त्या उष्णतेने व्हेचा बराच भाग केसिनला चिकटतो आणि पनीरमध्येच जातो. उरलेल्या १ लिटर पाण्यात साधारण ३ ते ५ ग्रॅमच प्रथिन राहतं. म्हणजे एका ग्लासात जेमतेम १ ग्रॅम. एका अंड्यात ६ ग्रॅम असतं. या पाण्यात जास्त असते ती दुधातली साखर आणि काही क्षार. कणीक मळायला, वरण-आमटीत घालायला ते चांगलं आहे.

पावडर बनते ती मुख्यतः चीजच्या पाण्यापासून. चीज करताना दूध इतकं तापवत नाहीत, त्यामुळे व्हे पाण्यात राहतं. ते बारीक गाळण्यांतून गाळून घट्ट करतात आणि गरम हवेत वाळवतात. ‘कॉन्सन्ट्रेट’मध्ये प्रथिन ३५ ते ८० टक्के, ‘आयसोलेट’मध्ये साधारण ९० टक्के असतं. ८० टक्क्यांच्या ३० ग्रॅम पावडरीत २४ ग्रॅम प्रथिन मिळतं. म्हणजे हे दुधाचंच अन्न आहे, औषध नाही.

डबा घेताना

पुढच्या मोठ्या अक्षरांवर जाऊ नका. मागे १०० ग्रॅममध्ये प्रथिन किती, साखर किती ते वाचा. एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक बघा. घटकांत ग्लायसिन किंवा टॉरिन वेगळं घातलेलं असेल तर सावध राहा. स्वस्त अमिनो आम्लं मिसळून प्रथिनाचा आकडा फुगवता येतो.

दूध पचत नसेल तर कॉन्सन्ट्रेटने पोट फुगतं. दुधाची अॅलर्जी असेल तर व्हे घेऊच नये. किडनीचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय डब्याला हात लावू नये.

रोजची गरज किती?

आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिन लागतं. ६० किलोच्या माणसाला साधारण ५० ग्रॅम. दूध, दही, अंडी, कडधान्यं आणि भाकरीबरोबर डाळ किंवा पिठलं, यातून ते भरून निघतं. घरात हे पोटभर असेल तर डब्याची गरज नाही.

पनीर करणाऱ्यांसाठी शेवटचं : हे पाणी ओढ्यात किंवा विहिरीजवळ सोडू नका. त्यातली साखर कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. जनावरांना ताजं द्या, पण थोडं थोडं करून. एकदम जास्त दिलं तर पोट बिघडतं.