बिननावाची उत्तरपत्रिका

विद्यापीठाच्या परीक्षेत मुले उत्तरपत्रिकेवर नाव घालीत नाहीत, क्रमांक घालतात. तपासणाऱ्याने माणूस पाहू नये, उत्तर पाहावे, असा त्यातला हेतू. आज आम्ही ज्या उत्तरपत्रिकांची हकीकत सांगणार आहोत, त्यांवर बहुधा नावही नसते आणि क्रमांकही नसतो. तरीही त्या लिहिताना भल्याभल्या धीट मुलांची लेखणी अडते. तरुण विद्यार्थ्याचे कामजीवन कसे आहे आणि त्यापायी त्याला गुप्तरोगाचा वा तिला अवेळी गर्भारपणाचा धोका किती, हे आकड्यांत मांडण्याचा उद्योग गेले शतकभर आणि वर काही वर्षे चालला आहे. विषय संकोचाचा आहे हे आम्ही जाणतो. परंतु रोगाला संकोच नसतो, आणि ज्यांची मुले महाविद्यालयात जातात अशांसमोर तो मांडू नये तर कोणासमोर मांडावा?

प्रारंभ मॉस्कोपासून करू. १९०४ च्या सुमारास तेथील मिखाइल च्लेनोव्ह नावाच्या गुप्तरोगतज्ज्ञाने मॉस्को विद्यापीठातील विद्यार्थ्यांत एक छापील प्रश्नावली वाटली आणि त्या उद्योगाला ‘लैंगिक जनगणना’ असे नाव दिले. २,१५० विद्यार्थ्यांनी ती भरून परत केली. झारशाहीचा काळ, विद्यापीठांवर पोलिसांची नजर. अशा दिवसांत स्वतःविषयी काही लिहून देणे म्हणजे काय, याची कल्पना श्रोत्यांनीच करावी. त्याचे पुस्तक १९०९ साली निघाले. भरून दिलेल्या कागदांत सुमारे चौथ्या हिश्शाच्या विद्यार्थ्यांनी आपणांस गुप्तरोग झाला होता असे कबूल केले होते. डॉक्टर, वकील, शिक्षक होऊ घातलेल्या तरुणांपैकी पाव भाग! पण च्लेनोव्हच्या हाती जे आले ते मॉस्कोच्या विद्यार्थ्यांचे जीवन नव्हते. ज्यांनी कागद परत केला त्यांचे जीवन होते. ज्यांनी प्रश्नावली फाडून टाकली ते निरोगी म्हणून तिला हसले, की आजारी म्हणून तिला भ्याले, हे कोणत्याही गणिताने ठरत नाही. ही अडचण पुढे शंभर वर्षे कोणाचीच पाठ सोडीत नाही.

मग विचारता कशाला, रक्त तपासा, असे कोणी म्हणेल. १९०६ साली बर्लिनमध्ये वासरमान याने उपदंशाची रक्तपरीक्षा शोधून काढली आणि तशी आशा निर्माणही झाली. ही परीक्षा निर्दोष नव्हती. मलेरियासारख्या दुसऱ्याच रोगातही ती कधी कधी ‘होय’ म्हणे. पण खरी उणीव त्याहून वेगळी. रक्त सांगते ते झालेल्या गोष्टीविषयी. जो अद्याप आजारी नाही परंतु उद्या होण्याच्या वाटेवर आहे, त्याचे रक्त आज गप्पच असते. धोका मोजावयाचा म्हणजे वर्तन मोजावयाचे, आणि वर्तन जाणून घेण्यास माणसाच्या तोंडाखेरीज दुसरी वाट नाही.

अमेरिकेत हे काम प्रथम धर्मशील मंडळींनी हाती घेतले. ख्रिस्ती तरुण संघाचे डॉक्टर मॅक्स एक्सनर यांनी १९१५ साली ९४८ महाविद्यालयीन तरुणांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांचा रोख असा की, मुलांना या विषयाची पहिली माहिती मिळते कोठे? उत्तर आले: बहुसंख्यांना सवंगड्यांकडून आणि तीही वाईट रीतीने, घर आणि शाळा दोन्ही मुकी. आमच्याकडील वडीलधाऱ्यांस हे वाचून फारसे नवल वाटणार नाही.

या इतिहासातला सर्वांत जिद्दीचा माणूस मात्र आल्फ्रेड किन्से. इंडियाना विद्यापीठातील हा प्राणिशास्त्राचा प्राध्यापक. झाडांवर गाठी आणणाऱ्या एका जातीच्या गांधीलमाशा हजारोंच्या संख्येने गोळा करून त्यांची मापे घेण्यात त्याची उमेद गेली. १९३८ साली विद्यापीठाने विवाहविषयक व्याख्याने सुरू केली आणि ती त्याच्याकडे सोपविली. व्याख्यानानंतर विद्यार्थी येऊन असे काही प्रश्न विचारू लागले की त्यांची उत्तरे कोठल्याच ग्रंथात नव्हती. तेव्हा गांधीलमाशांची सवय असलेल्या या गृहस्थाने विद्यार्थ्यांचेच वृत्तान्त गोळा करावयास सुरुवात केली. दोन वर्षांत ओरड झाली. १९४० साली विद्यापीठाच्या अध्यक्षांनी व्याख्याने किंवा वृत्तान्त यांपैकी एक निवडा असे सांगितले, आणि त्याने व्याख्याने सोडली.

किन्सेची विचारण्याची रीत थोडी थांबून पाहण्यासारखी आहे. तो कागद वाटीत नसे. समोर बसून विचारी. ‘तुम्ही अमुक कधी केले आहे काय?’ असे तो विचारीत नसे. ‘अमुक प्रथम केव्हा केले?’ असे विचारी. म्हणजे नाकारण्याचा भार ऐकणाऱ्यावर. प्रश्न एकामागून एक भराभर येत, उत्तर रचावयास उसंत नसे. उत्तरे तो सांकेतिक खुणांनी एका पानावर टिपून घेई. शिवाय विद्यार्थ्यांचे एखादे वसतिगृह वा मंडळ घेतले तर त्यातील झाडून सर्वांचे वृत्तान्त मिळावेत असा त्याचा यत्न असे, कारण आपण होऊन पुढे येणाऱ्यांचाच नमुना फसवा ठरेल हे तो ओळखून होता. १९४८ साली पुरुषांवरचा आणि १९५३ साली स्त्रियांवरचा त्याचा ग्रंथ निघाला, आणि जगभर खळबळ उडाली.

तरी आपण होऊन येणारे आलेच. अब्राहम मास्लो हा मानसशास्त्रज्ञ तेव्हा ब्रुकलिन कॉलेजात शिकवीत असे. आपल्या विद्यार्थ्यांचा आत्मविश्वास किती, याची कसोटी त्याने आधीच घेतलेली होती. किन्सेकडे मुलाखतीस जा, असे सांगितल्यावर कोण गेले आणि कोण गेले नाही, हे त्याने साकोडा या सहकाऱ्यासह पडताळून पाहिले. गेलेल्यांत आत्मविश्वासाने वागणारी मुले अधिक निघाली. लाजरी घरीच राहिली. १९५२ साली हे प्रसिद्ध झाले. १९५४ साली तीन नामांकित संख्याशास्त्रज्ञांनी किन्सेच्या नमुन्यावर साधार टीका केली. १९५६ साली तो वारला. त्याचे आकडे सारेच टिकले नाहीत. विचारण्याची कला मात्र टिकली.

मध्यंतरी जगाला वाटले, प्रश्नच मिटला. १९४३ साली उपदंशावर पेनिसिलिन चालते असे सिद्ध झाले होते. जो रोग टोचून बरा होतो त्याचा धोका मोजीत कोण बसेल? १९८१ साली एड्सची पहिली प्रकरणे नोंदली गेली, तेव्हा औषध हाती नव्हते. आणि विद्यापीठांतून पुन्हा प्रश्नावल्या वाटल्या जाऊ लागल्या.

या नव्या युगातला एक प्रयोग आम्हांस फार बोलका वाटतो. मिशेल अलेक्झांडर व टेरी फिशर या दोन बाईंनी तो २००३ साली प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांचे तीन गट केले. पहिल्याला वाटावे की आपले उत्तर जवळच बसलेल्या विद्यार्थी-सहायकाच्या दृष्टीस पडेल. दुसऱ्याला पूर्ण एकांत व निनावीपणा. तिसऱ्याच्या अंगाला असत्य पकडणाऱ्या यंत्राच्या तारा लावल्या; यंत्र बंदच होते, पण ते मुलांना कोठे ठाऊक? आजवर किती जणांशी शरीरसंबंध आला, या प्रश्नाला मुलींच्या उत्तरांची सरासरी पहिल्या गटात २.६, दुसऱ्यात ३.४, आणि यंत्राच्या धाकाने ४.४ अशी वाढत गेली. मुलांची ३.७, ४.२, ४.०, म्हणजे जवळजवळ जागेवरच. मुलगे फुगवून सांगतात असा सर्वांचा समज. फरक पडला तो मुलींच्या उत्तरांत. ज्याला उत्तराची शिक्षा मोठी, तो उत्तर लहान करतो.

पुढे २००९ साली टर्चिक व गार्स्के यांनी ६१३ विद्यार्थ्यांच्या उत्तरांवरून २३ प्रश्नांची एक मोजपट्टी तयार केली. गेल्या सहा महिन्यांत अमुक कितीदा घडले, असे तिचे विचारणे. कधीच नाही त्याला शून्य. बाकीच्यांना कमीअधिकपणानुसार एक ते चार गुण, आणि त्या गुणांच्या सीमा त्याच विद्यार्थ्यांच्या उत्तरांवरून आखलेल्या. काम कसोशीचे आहे. पण खुणा पट्टीवर ज्यांनी कोरल्या त्यांनी प्रामाणिकपणे कोरल्या असे गृहीत धरावे लागते, हेही विसरून चालत नाही.

आपल्याकडे काय झाले? येथे र. धों. कर्वे यांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. मुंबईत गणित शिकविणाऱ्या या प्राध्यापकाने १९२१ साली संततिनियमनाचे केंद्र काढले, १९२५ साली नोकरी गमावली, आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालविले. त्यांनी पाहणी केली नाही. पण वाचकांच्या खाजगी प्रश्नांना मासिकात उत्तरे दिली. त्या उत्तरांपायीच १९३४ साली खटला झाला, आणि डॉ. आंबेडकरांनी वकीलपत्र घेऊनही दंड चुकला नाही. विचारणाऱ्याला आणि उत्तर देणाऱ्याला समाज कशी वागणूक देतो, हे महाराष्ट्राने असे पाहिले आहे.

मुंबईतल्या महाविद्यालयांत शिरून मोजमाप झाले ते त्यानंतर पुष्कळ वर्षांनी. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या लीना अब्राहम यांनी अनिल कुमार यांच्यासह अल्प उत्पन्नाच्या घरांतील ९६६ विद्यार्थ्यांची पाहणी १९९९ साली प्रसिद्ध केली. मुलग्यांपैकी २६ टक्क्यांनी, मुलींपैकी ३ टक्क्यांनी शरीरसंबंध आल्याचे सांगितले. मुलांशी मनमोकळ्या चर्चाही झाल्या, आणि त्यांतून त्यांचे स्वतःचे शब्द हाती आले: ‘भाई-बहन’, ‘ट्रू लव्ह’, ‘टाइम पास’. एकच मैत्री, पण तीन नावे. आणि कोणत्या नावाखाली कोण किती सावध राहील, याचे अनुमान त्यांवरून बांधता येते. आम्हांस विचाराल तर टक्क्यांहून हे तीन शब्द मोलाचे.

आता २६ आणि ३ यांतले अंतर कोठून आले? काही अंशी ते खरे असेल, कारण मुलग्यांचे संबंध महाविद्यालयाबाहेरील स्त्रियांशीही येतात. काही अंशी ते भीतीचे असेल. ज्या मुलीचे शिक्षण एका अफवेने थांबू शकते, ती अनोळखी माणसाच्या कागदावर ‘होय’ का लिहील? हा केवळ संख्याशास्त्राचा वाद नव्हे. ३ हा आकडा जसाच्या तसा खरा मानला, तर महाविद्यालयात मुलींसाठी सल्ल्याची वा तपासणीची सोय करण्याचे कारणच उरत नाही. आणि जी मुलगी अडचणीत सापडते ती गल्लीतल्या वैदूकडे जाते.

यावर एक साधा तोडगा निघाला. २००६ ते २००८ या काळात मुंबईची लोकसंख्या-विज्ञान संस्था आणि पॉप्युलेशन कौन्सिल यांनी महाराष्ट्रासह सहा राज्यांत १५ ते २४ वयाच्या मुलामुलींची पाहणी केली. ती केवळ विद्यार्थ्यांची नव्हती. शेतावरची, कारखान्यातली, लग्न झालेली, न झालेली, सर्व त्यांत होती. समोरासमोर मुलाखत संपली की प्रत्येकाच्या हाती एक कार्ड व एक पाकीट देत. लग्नाआधी संबंध आला होता की नाही, एवढाच प्रश्न. खूण करावयाची, कार्ड पाकिटात घालावयाचे, आणि विचारणाऱ्याने न पाहता पाकीट आपल्या हाताने चिकटवावयाचे. पुढे पाकिटे उघडली तेव्हा, तोंडी ‘नाही’ म्हणालेल्यांपैकी काहींची खूण ‘होय’ वर होती.