कमिटमधला ‘ही’ आणि ‘च’

आजची गोष्ट माझ्याच एका चुकीपासून सुरू करतो. काही वर्षांपूर्वी मी दोन फाइली ‘गिट ॲड’ करून तयार ठेवल्या आणि ‘गिट कमिट’पुढे तिसरीचं नाव लिहिलं. मला म्हणायचं होतं, ‘हीही घे’. गिटनं ऐकलं, ‘हीच घे’. पहिल्या दोन मागे राहिल्या, मी न बघता पुश केलं आणि सगळ्या टीमचं बिल्ड बंद पडलं. चूक माझीच. पण गिट असं का ऐकतं, यामागे इतिहास आहे.

१९७२ मध्ये बेल लॅब्जमध्ये मार्क रॉचकाइंड यांनी एससीसीएस लिहिलं. १९८२ च्या सुमारास पर्ड्यू विद्यापीठात वॉल्टर टिची यांचं आरसीएस आलं. दोन्हींत प्रत्येक फाइलचा इतिहास वेगळा, त्यामुळे कुठली फाइल हे सांगावंच लागे. १९८६ मध्ये डिक ग्रून यांनी आरसीएसवर सीव्हीएस उभारलं आणि अख्खी डिरेक्टरी एकदम कमिट करता येऊ लागली. नाव दिलं नाही तर बदललेल्या सगळ्या फाइली जात. नाव दिलं तर तेवढीच. पुढे सबव्हर्जननंही हीच रीत ठेवली. एका पिढीच्या बोटांना तिची सवय झाली.

२००५ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी गिट आणलं. त्यात काम चाललेल्या फाइली आणि इतिहास यांच्यामध्ये एक नवा टप्पा होता, इंडेक्स. पुढच्या कमिटमध्ये काय जाणार, ते इथे आधी मांडून ठेवायचं. घोळ इथेच झाला. इंडेक्समध्ये आधीच काही असताना वर फाइलचं नाव दिलं, तर त्याचा अर्थ काय? सुरुवातीचं गिट ती फाइल इंडेक्समध्ये घाली आणि सगळा इंडेक्स कमिट करी. म्हणजे ‘ही’. सीव्हीएसमधून आलेल्यांना ‘च’ अपेक्षित होता. तक्रारी वाढल्या.

फेब्रुवारी २००६ मध्ये गिटचे मेंटेनर जुनियो हमानो यांनी अर्थ बदलला. नुसतं नाव दिलं तर ‘फक्त ही’. जुना अर्थ हवा असेल तर ‘डॅश आय’, म्हणजे इन्क्लूड. ‘डॅश ए’ म्हणजे गिटला आधीपासून माहीत असलेल्या, बदललेल्या सगळ्या फाइली. बदलाच्या नोंदीत हमानोंनी आपली नाखुशीही लिहून ठेवली, कारण जुन्या वापरकर्त्यांना नव्यानं शिकावं लागणार होतं. एक अपवाद मात्र राहिला. मर्ज अर्धवट असताना नुसतं नाव दिलं, तर गिट नकार देतं. मर्जचा तुकडा कमिट करणं धोक्याचं असतं.

सुसंगती हवी, असं आपण सहज म्हणतो. पण कशाशी? गिटच्या आतल्या रचनेशी पाहिलं तर ‘ही’ बरोबर होता, माणसांच्या सवयीशी पाहिलं तर ‘च’. हमानोंनी सवयीला मान दिला आणि जुन्या अर्थाला एक अक्षर देऊन जिवंत ठेवलं. उद्या तुम्ही स्वतःचं टूल लिहाल, तेव्हा हा प्रश्न तुमच्याही समोर येईल.

मी मात्र आता कमिटआधी ‘गिट स्टेटस’ वाचतो. तुम्हीही वाचा. भेटू पुढच्या भागात.