बायवीकली म्हणजे नक्की कधी?

मी शीवला राहतो. गेल्या वर्षी आईचा गुडघा धरला. फिजिओथेरपीच्या कागदावर लिहिलं होतं, 'बायवीकली'. ऑफिसात आमची बायवीकली मीटिंग पंधरा दिवसांनी असते, म्हणून आईलाही तसंच नेलं. महिन्यानं कळलं, आठवड्यातून दोनदा यायचं होतं! आठच्या जागी दोनच फेऱ्या झाल्या. विचारलं नाही ही चूक माझी; पण शब्दही दुतोंडी. इंग्रजी डिक्शनऱ्या दोन्ही अर्थ देतात.

मराठीत हा घोळ नाही. बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ला मुंबईत सुरू झालं, तेव्हा ते पाक्षिक होतं. ४ मे १८३२पासून साप्ताहिक झालं. बाबासाहेबांचं 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२०ला निघालं, तेही पाक्षिक. पक्ष म्हणजे पंधरवडा, शुद्ध आणि वद्य, चंद्राच्या हिशोबानं. आठवड्यातून दोनदा निघणारं ते अर्धसाप्ताहिक. वर्गणीदाराला अंक कधी येणार, ते एका शब्दात कळायचं.

आता मीटिंगच्या इन्व्हाइटवर मी लिहितो, 'पंधरा दिवसांतून एकदा'. आणि आईच्या कागदावर पेनानं: सोमवार, गुरुवार. गुडघा आता बरा आहे. भेटू पुढच्या भागात!