राजीनामा आणि निवाडा

ज्याच्या वर्तनाची चौकशी चालू आहे, त्याने निकालापूर्वी राजीनामा देऊन मोकळे व्हावे की शेवटपर्यंत थांबून निवाडा ऐकावा, हा प्रश्न कचेऱ्यांच्या इतिहासात जुनाच असला, तरी स्वतंत्र भारताच्या संसदेला त्याचा निर्णय राज्यघटना अंमलात येऊन दोन वर्षेही लोटली नव्हती तेव्हाच करावा लागला. मुंबईचे सदस्य एच. जी. मुद्गल यांनी सोन्याचांदीच्या व्यापाऱ्यांच्या ‘बॉम्बे बुलियन असोसिएशन’कडून द्रव्यलाभाच्या अपेक्षेने मुद्रांकशुल्क आणि ऑप्शनचे व्यवहार यांसंबंधी सभागृहात तिची तरफदारी चालविली, असा आरोप होता, त्याची शहानिशा करण्यासाठी पंडित नेहरूंच्या प्रस्तावावरून ८ जून १९५१ रोजी पाच सदस्यांची समिती नेमली गेली, आणि टी. टी. कृष्णम्माचारी यांच्या अध्यक्षतेखालील त्या समितीने आरोप शाबीत झाल्याचा अभिप्राय दिला.

सप्टेंबरात बडतर्फीचा ठराव चर्चेस आला, तेव्हा मुद्गल यांनी आपली कैफियत मांडली आणि भाषण संपताच राजीनाम्याचा कागद उपाध्यक्षांच्या हाती दिला. सदस्यच उरला नाही, तर शासन कोणास करावयाचे, असा पेच पडला असता; परंतु २५ सप्टेंबर रोजी सभागृहाने ठरावाचा मजकूर बदलून, हे गृहस्थ बडतर्फीस पात्र होते आणि त्यांच्या राजीनामापत्रातील भाषा हा सभागृहाचा अवमान असून तिने अपराध अधिकच गंभीर केला आहे, असा निर्णय दप्तरी नोंदविला.

याच्या उलट, २०११ साली न्यायमूर्ती सौमित्र सेन यांच्या पदच्युतीचा प्रस्ताव राज्यसभेने मंजूर केल्यावर, लोकसभेत तो येण्यापूर्वीच त्यांनी राजीनामा दिला आणि कारवाई तेथेच थांबली. शिक्षा टळली, पण ज्या दुसऱ्या सभागृहापुढे आपली बाजू मांडता आली असती, त्याचा दरवाजाही आपल्याच हाताने बंद झाला.

सामान्य नोकरदाराला यातून घेण्यासारखा बोध आहे. सरकारी नोकरीत राजीनामा मंजूर होईपर्यंत मनुष्य चाकरीतून सुटत नाही, आणि महाराष्ट्राच्या १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांनुसार राजीनाम्याने पूर्वीची सेवा सामान्यतः जप्त होते. म्हणजे ज्या अर्जाने अब्रू वाचेल असे वाटते, त्याच अर्जाने आयुष्याची कमाई जाण्याचा संभव असतो. म्हणून ज्याची बाजू खरी आहे त्याने दोषारोपपत्राला मुद्देसूद लेखी उत्तर द्यावे, साक्षीपुरावा तपासण्याचा आपला हक्क बजावावा आणि निकाल हाती येईपर्यंत जागा सोडू नये. कारण निर्दोषत्वाचा दाखला चौकशी पूर्ण झाल्यावाचून कोणासही मिळत नाही.