‘ऑक्टोबर’चे ऋण

कलावंताच्या जीवनाचा इतिहास लिहिताना आपण बहुधा त्याच्या यशाची शिखरे मोजतो. पदार्पण, पहिला मोठा सन्मान, खपाचे आकडे एवढे नोंदले की इतिहास पूर्ण झाला, असा आपला समज असतो. दोन शिखरांमधल्या दरीत त्याने कोणते दिवस काढले, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. आयर्लंडच्या ‘यू-टू’ या रॉक वाद्यवृंदाच्या जीवनात अशी एक दरी आहे आणि तिचे नाव ‘ऑक्टोबर’. १२ ऑक्टोबर १९८१ रोजी प्रसिद्ध झालेली ही त्यांची दुसरी ध्वनिमुद्रिका. अकरा गीते, सुमारे एकेचाळीस मिनिटांचा अवधी. या वाद्यवृंदाचे निस्सीम चाहतेही तिचा उल्लेख काहीशा अवघडलेपणाने करतात. अनेक वर्षे आम्हीही तसाच करीत होतो. आमचा तो निर्णय चुकीचा होता, असे आज आम्हांस वाटते. केवळ संगीताच्या अभिरुचीचा प्रश्न असता, तर त्यासाठी या नियतकालिकाची पाने आम्ही अडवली नसती. परंतु त्या चुकीची किंमत आमच्याऐवजी दुसऱ्याच कोणीतरी मोजली. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम थोडा इतिहास सांगणे अगत्याचे आहे. १९७६ साली डब्लिनच्या माउंट टेंपल शाळेत लॅरी मलन या चौदा वर्षांच्या मुलाने सूचनाफलकावर चिठ्ठी लावली. वाद्यवृंद उभारण्यासाठी त्याला साथीदार हवे होते. त्यातून अखेर चौघे एकत्र राहिले. ढोल वाजवणारा लॅरी, बास गिटार वाजवणारा ॲडम क्लेटन, गिटारवादक डेव्हिड एव्हन्स आणि गायक पॉल ह्यूसन. पुढे जगाने एव्हन्सला ‘एज’ आणि ह्यूसनला ‘बोनो’ या नावांनी ओळखले. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट मुले एकाच बाकावर बसतील, अशा शाळा त्या काळच्या आयर्लंडमध्ये विरळाच होत्या. माउंट टेंपल ही त्यांपैकी एक होती. बोनोच्या घरातही दोन्ही पंथ नांदत होते. वडील कॅथलिक, आई चर्च ऑफ आयर्लंडची. रविवारी आई मुलांना घेऊन आपल्या चर्चला जाई आणि वडील मिस्साला जात. १९७४ साली आपल्या पित्याच्या दफनविधीच्या वेळी ती माउली कोसळली आणि थोड्याच दिवसांत देवाघरी गेली. बोनो त्या वेळी चौदा वर्षांचा होता.

१९७९ साली पोप जॉन पॉल दुसरे आयर्लंडला आले, तेव्हा डब्लिनच्या फिनिक्स पार्कमधील मिस्साला दहा लाखांहून अधिक भाविक लोटले होते. श्रद्धेचा असा पूर आलेल्या त्याच बेटाच्या उत्तर भागात कॅथलिक आणि प्रोटेस्टंट ही नावे वैराची निशाणे झाली होती. १९८१ च्या मे महिन्यापासून ऑगस्टपर्यंत उत्तर आयर्लंडच्या मेझ कारागृहात उपोषण करणारे दहा कैदी एकापाठोपाठ एक मरण पावले. नेमक्या त्याच उन्हाळ्यात, डब्लिनच्या विंडमिल लेन स्टुडिओत, विशीच्या उंबरठ्यावरील हे चार तरुण आपली दुसरी ध्वनिमुद्रिका करीत होते. देवाचे नाव मोठ्याने घ्यावे, तर ऐकणारा प्रथम विचारील, कोणत्या बाजूचा देव? अशा भूमीत आणि अशा समयी त्यांनी देवाचे नाव घेतले, हे आपण ध्यानात ठेवले पाहिजे.

त्यांच्यापुढे दुसरीही अडचण होती. ‘बॉय’ ही पहिली ध्वनिमुद्रिका १९८० साली आली आणि तिचे चांगले स्वागत झाले. तिच्या निमित्ताने ते अमेरिकेचा दौरा करीत असताना, मार्च १९८१ मध्ये, ऑरेगन राज्यातील पोर्टलंड शहरी बोनोची एक बॅग नाहीशी झाली. तिच्यात पुढच्या गीतांच्या शब्दांची टिपणे होती. स्टुडिओचा खर्च वाढत चालला होता, निर्माते स्टीव्ह लिलीव्हाइट वाट पाहत होते आणि गायकाजवळ शब्द नव्हते. तेव्हा तो ध्वनिक्षेपकासमोर उभा राही आणि जे ओठांवर येईल ते गाई. या ध्वनिमुद्रिकेतील अनेक गीते अशी ऐनवेळी जन्मली. अर्धी वाक्ये, पुन्हा पुन्हा येणारे तेच उद्गार, मध्येच तुटलेली ओळ, हे सारे त्यामुळे आले.

परंतु खरा पेच त्याहून खोल होता. बोनो, एज आणि लॅरी हे तिघे ‘शालोम’ नावाच्या एका प्रार्थनासमूहात जात असत. आत्म्याच्या वरदानांवर भर देणारे, बायबलचे एकत्रित वाचन करणारे असे समूह त्या काळी अनेक देशांत उदयास आले होते. आपल्या ख्रिस्तसभेतही १९६७ पासून कॅरिझमॅटिक नवीकरणाची चळवळ पसरली आणि आपल्या धर्मग्रामांना तिचा लाभ झाला. ‘शालोम’मध्ये या तरुणांना प्रार्थनेची गोडी लागली. मात्र हळूहळू त्यांना असेही ऐकावे लागले, की रॉक संगीत आणि प्रभूची सेवा या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत. एजने तर वाद्यवृंद सोडण्याचा विचार जवळजवळ पक्का केला होता आणि बोनोही त्याच्यासोबत जाण्यास सिद्ध होता. आपला निर्णय सांगण्यास ते व्यवस्थापक पॉल मॅकगिनेस यांच्याकडे गेले, तो प्रसंग बोनोने पुढे अनेकदा कथन केला आहे. मॅकगिनेस यांनी त्यांच्याशी धर्मशास्त्रावर वाद घातला नाही. दौऱ्याचे करार झाले आहेत, लोकांना शब्द दिलेला आहे, तो शब्द मोडावा असे देव सांगेल काय, एवढेच त्यांनी विचारले. तरुण निरुत्तर झाले. ते वाद्यवृंदात राहिले आणि यथावकाश ‘शालोम’पासून दूर झाले. श्रद्धेपासून मात्र ते दूर झाले नाहीत.

ध्वनिमुद्रिका ब्रिटनच्या यादीत अकराव्या स्थानापर्यंत पोहोचली, पण अमेरिकेत १०४ व्या स्थानावरच अडकली. पुढे १९८३ साली ‘वॉर’ आली, ती ब्रिटनमध्ये थेट पहिल्या स्थानावर गेली आणि ‘ऑक्टोबर’ तिच्या सावलीत झाकली गेली.

सेमिनरीत असताना आमच्या एका सहाध्यायाने नव्वद मिनिटांची कॅसेट भरून आणली होती. एका बाजूला ‘वॉर’, दुसऱ्या बाजूला ‘ऑक्टोबर’. ‘वॉर’ची बाजू आम्ही इतक्या वेळा वाजवली की तिचा आवाज खरखरू लागला. दुसरी बाजू जवळजवळ नवीच राहिली. तिच्यातील शब्द आम्हांला अर्धेकच्चे वाटत. धर्मज्ञानाचे पाठ आम्ही नुकतेच गिरवू लागलो होतो आणि प्रत्येक विधानाला पूर्ण कर्ता, कर्म, क्रियापद असावे असा आमचा आग्रह होता. या मुलांना भावना आहे पण शिस्त नाही, असा निवाडा आम्ही देऊन टाकला.

पुढे १९९८ साली, आम्ही सहाय्यक धर्मगुरू असताना, प्रार्थनासमूहातील एक तरुण आमच्याकडे आला. तो लग्नसमारंभांत आणि नाताळच्या कार्यक्रमांत बास गिटार वाजवीत असे. समूहातील काहींनी त्याला बँड सोडण्यास सांगितले होते. काय करू, असे त्याने विचारले. आम्ही त्याला ‘ऑक्टोबर’ची कथा सांगितली आणि तात्पर्य असे काढले, की दोन डगरींवर पाय ठेवणाऱ्यांचे काम असे अर्धवट होते, तेव्हा एकाची निवड कर. त्याने आमचे ऐकले. गिटार विकली. त्या कथेचा शेवट नेमका उलट आहे, ते तरुण निवड न करता दोन्ही गोष्टी घेऊन पुढे गेले, हे आम्हांला ठाऊक होते. तरीही आम्ही त्याला ते सांगितले नाही.

दुसऱ्याच वर्षी, १९९९ च्या पुनरुत्थान सणाला, पोप जॉन पॉल दुसरे यांनी कलावंतांना उद्देशून पत्र लिहिले. कलेची प्रतिभा हेही एक पाचारण आहे, हे त्या पत्राचे सूत्र. आम्ही ते वाचले, जागोजागी खुणा केल्या, त्यावर प्रवचनही दिले. त्या तरुणाची आठवण मात्र आम्हांला झाली नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, गरीब राष्ट्रांच्या कर्जमाफीच्या मोहिमेनिमित्त, बोनो कास्तेल गांदोल्फो येथे पोप महोदयांना भेटला. त्याने आपला रंगीत चष्मा त्यांना भेट दिला आणि पोप महोदयांनी तो मिस्कीलपणे डोळ्यांवर चढवला. ती हकीकत वाचून आम्ही मनमुराद हसलो. तेव्हाही काही सुचले नाही.

१५ डिसेंबर २०१९ रोजी ‘यू-टू’ प्रथमच भारतात आले. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर त्यांचा कार्यक्रम झाला आणि ए. आर. रहमानही त्यांच्यासोबत मंचावर आले. आम्ही गेलो नव्हतो. तो तरुण, आता संसारी गृहस्थ, गेला होता. काही दिवसांनी भेटला तेव्हा त्याने कार्यक्रमाचे वर्णन केले आणि सहज म्हणाला, “फादर, बास वाजायला लागला की माझी बोटं अजून हलतात.” त्याच्या स्वरात तक्रार नव्हती. त्या रात्री आम्ही बऱ्याच वर्षांनी ‘ऑक्टोबर’ अथपासून इतिपर्यंत ऐकली.

पहिलेच गीत ‘ग्लोरिया’. बेलफास्टच्या ‘देम’ या वाद्यवृंदाने १९६४ साली याच नावाचे गीत गाजवले होते आणि तेथे ग्लोरिया हे एका तरुणीचे नाव होते. ‘यू-टू’ने तोच शब्द उचलून मिस्सातील आपल्या ग्लोरियाशी पुन्हा जोडला. ध्रुवपदात लॅटिन शब्द येतात. त्यांचे व्याकरण पाहून लॅटिनच्या शिक्षकांनी गुण कापले असते. कडव्यांचा विषयच मुळी हा आहे, की मला गायचे आहे, पण बोलता येत नाही. आणि जेथे स्वतःची भाषा संपते, तेथे हा मुलगा पूर्वजांच्या प्रार्थनेची भाषा हाती धरतो. स्तोत्रे ओठांवर घेऊन वाढलेल्या आपल्या आजी-पणजींना हे समजावून सांगावे लागले नसते.

‘टुमॉरो’ या गीतात आयरिश लोकपरंपरेतील इलन पाइप्स हे वाद्य वाजते. विनी किल्डफ यांनी ते वाजवले आहे. त्याचा सूर प्रेतयात्रेमागून चालत यावा तसा येतो. हे गीत आपल्या आईच्या दफनाविषयी आहे, हे बोनोला स्वतःलाच नंतर उमगले. ‘ऑक्टोबर’ हे शीर्षकगीत अडीच मिनिटांहूनही लहान आहे. गिटार बाजूला ठेवून एज पियानोवर बसतो आणि जवळजवळ सारे काही पियानोच सांगतो. ‘स्कार्लेट’मध्ये तर आनंद करा, या अर्थाच्या एकाच शब्दाची आवर्तने आहेत.

संत ऑगस्टीन यांनी स्तोत्रांवरील आपल्या भाष्यात शेतात कापणी करणाऱ्या मजुरांचे उदाहरण दिले आहे. आनंद अनावर झाला की ते गीताचे शब्द सोडून नुसता हर्षध्वनी करू लागतात. ज्याचे वर्णन करता येत नाही त्या देवाची स्तुती अशीच शोभते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायात संत पौलही सांगतो, की कशी प्रार्थना करावी हे आपल्याला कळत नाही, तेव्हा पवित्र आत्माच शब्दांपलीकडच्या उसाशांनी आपल्यासाठी विनंती करतो. सेमिनरीत हे दोन्ही उतारे आम्ही परीक्षेसाठी पाठ केले होते. त्याच काळात त्यांचे जिवंत उदाहरण कॅसेटच्या न वाजवलेल्या बाजूवर होते, आणि आम्ही त्याला अर्धेकच्चे म्हणत होतो.

‘ऑक्टोबर’ निर्दोष आहे, असा आमचा दावा नाही. ‘फायर’ हे गीत बाकीच्यांच्या बरोबरीचे नाही. उत्तरार्धात काही ठिकाणी गोंगाट आशयाला झाकून टाकतो. अखेरच्या ‘इज दॅट ऑल?’ या गीताला शेवटचा घाट सापडलेलाच नाही. १९८७ सालच्या ‘द जोशुआ ट्री’मधील प्रगल्भता येथे शोधू नये. परंतु त्या प्रगल्भतेचा पाया येथे घातला गेला. ‘वॉर’च्या शेवटी स्तोत्र ४० वर आधारित गीत आहे, आणि १९८० च्या दशकात त्यांच्या कितीतरी कार्यक्रमांची सांगता त्याच गीताने होत असे. दिवे मालवल्यानंतरही सहस्रावधी श्रोते ते गात गात बाहेर पडत. यांतील बहुतेकांनी अनेक वर्षांत चर्चची पायरी चढली नसेल. १९८१ साली त्या तिघांनी गिटारी विकल्या असत्या, तर हे स्तोत्र त्या मैदानांत कोणी पोहोचवले असते?

पोर्टलंडला हरवलेली ती बॅग २००४ साली, तेवीस वर्षांनी, बोनोला परत मिळाली. भाड्याच्या घराच्या माळ्यावर ती एका बाईंना सापडली होती आणि त्यांनी ती जपून ठेवली होती. बोनोने तिच्या परत येण्याला कृपा म्हटले. आम्हांला वाटते, तिचे हरवणेही कृपाच असावी. टिपणे हाती असती, तर कदाचित अधिक नेटकी गीते झाली असती. शब्द संपल्यावरची ही प्रार्थना मात्र आपल्याला ऐकायला मिळाली नसती.

त्या गृहस्थाची आम्ही क्षमा मागितली आहे. तो हसला आणि म्हणाला, “त्या वेळी मलाही कोणीतरी ‘नको’ म्हणायला हवंच होतं, फादर.” हे त्याचे औदार्य. आमची जबाबदारी त्याने कमी होत नाही. त्याचा मुलगा आता रविवारी गायनमंडळात कीबोर्ड वाजवतो आणि शनिवारी मित्रांच्या बँडमध्ये. आपल्या प्रत्येक धर्मग्रामात अशी मुले आहेत. ती एके दिवशी आपल्याला तोच प्रश्न विचारतील, आईवडिलांना, प्रार्थनासमूहाच्या प्रमुखांना किंवा आम्हां धर्मगुरूंना. त्या मुलाने अद्याप आम्हांला विचारलेले नाही. विचारील तेव्हा आम्ही उत्तराची घाई करणार नाही. प्रथम त्याला वाजवून दाखवायला सांगू, आणि ऐकू.