मोझरीतून दिसलेली उत्तेजकबंदी

11 ऑक्टोबर 1968 रोजी आमच्या गुरुकुंज मोझरीत राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी देह ठेवला. दुसऱ्याच दिवशी मेक्सिकोत ऑलिंपिकचं उद्घाटन झालं. उन्हाळी ऑलिंपिकमध्ये उत्तेजकांची तपासणी पहिल्यांदा झाली ती तिथं. दोषी ठरलेला पहिला खेळाडू स्वीडनचा हान्स-गुन्नार लिलियेनवाल. हात स्थिर राहावा म्हणून त्यानं नेमबाजीआधी बीयर घेतली होती. त्यापायी आधुनिक पेंटॅथलॉनमधलं संघाचं कांस्यपदक गेलं. खंजिरीच्या तालावर गावोगाव व्यसनांविरुद्ध जागर करणाऱ्या महाराजांच्या कर्मभूमीत मी खेळ शिकवला. त्यामुळे हे लागोपाठचे दोन दिवस मी दरवर्षी मुलांना सांगत आलो.

तपासणी सुरू झाली ती माणसं मेल्यावर. 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये डेन्मार्कचा सायकलपटू येन्सन कोसळून गेला, तर 1967 मध्ये टूर द फ्रान्सच्या चढावर इंग्लंडचा टॉम सिम्प्सन. सिम्प्सनच्या शरीरात अँफेटामाइन सापडलं. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 चं. त्याचं पथक 1936 मध्ये बर्लिनला देशी खेळ दाखवून आलं, तेव्हा असली तपासणी कुणाच्या स्वप्नातही नव्हती. दूध, तूप, बदाम ही आपली खुराक. तिला कोण काय विचारणार?

आता विचारतात. खेळाडूला आधी सांगत नाहीत. अधिकारी येतो आणि खेळाडूनं त्याच्या नजरेसमोर लघवीचा नमुना द्यायचा, किमान 90 मिलिलिटर. तो खेळाडूनं स्वतःच्या हातानं ‘अ’ आणि ‘ब’ बाटल्यांत ओतून सील करायचा. गेल्या सात दिवसांत घेतलेलं प्रत्येक औषध अर्जावर लिहायचं. सोळा वर्षांच्या पोरीला हे किती अवघड जात असेल! तरी हा काटेकोरपणा मला हवा, कारण बाटली बदलली असं म्हणायला मग जागा उरत नाही.

शरीरात जे सापडेल त्याला जबाबदार खेळाडूच, हा उत्तेजकविरोधी नियमांचा कणा. तीनदा महाराष्ट्र केसरी झालेल्या नरसिंग यादवनं चाचणीत दोषी आढळल्यावर खाण्यात कुणीतरी भेसळ केल्याचं सांगितलं. आपल्या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेनं, म्हणजे नाडानं, ते मान्य करून 1 ऑगस्ट 2016 ला त्याला निर्दोष ठरवलं. जागतिक उत्तेजकविरोधी संस्था, वाडा, क्रीडा लवादाकडे गेली. 18 ऑगस्टला, रिओ ऑलिंपिकमधल्या त्याच्या कुस्तीच्या आदल्या दिवशी, चार वर्षांची बंदी आली. मुंबईचा क्रिकेटपटू पृथ्वी शॉ याच्यावर 2019 मध्ये आठ महिन्यांची बंदी आली. कारण, खोकल्याच्या औषधातलं टर्ब्युटालिन.

ही मोठी नावं. माझी काळजी महामार्गाच्या कडेनं पहाटे भरतीसाठी धावणाऱ्या पोरांची आहे. “सर, हा डबा घेतला तं चालते का?” असं विचारणारा एखादाच, बाकीचे विचारत नाहीत, घेतात. डब्यावर प्रोटीन लिहिलेलं असतं, आत काय ते दुकानदारालाही ठाऊक नसतं. सप्टेंबर 2023 मध्ये दिल्लीच्या राज्य स्पर्धेत नाडाचे लोक आल्याचं कळलं आणि शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीला एकच धावपटू उभा राहिला. त्याच वर्षी भरपूर चाचण्या करणाऱ्या देशांत दोषी नमुन्यांचं सर्वाधिक प्रमाण भारताचं होतं, 3.8 टक्के. 2022 मध्ये संसदेनं उत्तेजकविरोधी कायदा केला. पण चाचणी पोचते मोठ्या स्पर्धांपर्यंत, आणि डबा तालुक्याच्या जिममध्ये. फक्त पकडून हे थांबणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

प्रतिबंधित औषधांची नवी यादी दरवर्षी 1 जानेवारीला लागू होते. शिक्षकांनो, वस्तादांनो, ती मिळवा, पोरांना मराठीत समजावून सांगा, आणि सर्दीच्या गोळीआधीही डॉक्टरांना ‘मी खेळाडू आहे’ हे सांगायची सवय त्यांना लावा.