‘आढळले नाही’ म्हणजे ‘नाही’ नव्हे : बेने इस्राएल, शिरूर-दौंड आणि घरातल्या हिंसेचा इतिहास

समजा, तुम्ही संशोधन प्रस्ताव लिहायला बसलात आणि विषय घेतलात : पुणे जिल्ह्यातल्या ज्यू समाजात घरच्या हिंसेला तोंड देणाऱ्या बायकांना आधार कोण देत होतं? मार्गदर्शक पहिल्याच बैठकीत विचारतील, “डेटा कुठाय?” तुम्ही शोधायला लागाल आणि हाताला फारसं काही लागणार नाही. इथेच बरेच जण विषय बदलतात. मला वाटतं, खरं काम इथून सुरू होतं.

मी मूळची विज्ञानशाखेची. प्रयोगशाळेत आम्हाला एक गोष्ट पक्की शिकवतात. यंत्राने ‘आढळले नाही’ असं दाखवलं, तर नमुन्यात तो पदार्थ शून्य आहे असं लिहायचं नाही. तो यंत्राच्या शोधमर्यादेच्या खाली आहे, एवढंच लिहायचं. इतिहासाच्या साधनांनाही अशी शोधमर्यादा असते. फरक इतकाच की यंत्राची मर्यादा पुस्तिकेत छापलेली असते, दप्तराची आपल्याला शोधून काढावी लागते.

आधी थोडी पार्श्वभूमी. बेने इस्राएल हा महाराष्ट्रातला मराठी बोलणारा ज्यू समाज. त्यांच्या परंपरेप्रमाणे पूर्वजांचं जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला फुटलं. कोकणात ते तेलाचे घाणे चालवत, शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. आडनावं गावावरून : किहीमकर, पेणकर, दिवेकर. मुंबईतलं त्यांचं पहिलं सिनेगॉग १७९६ चं. इंग्रजी अमलात ते पलटणीत, रेल्वेत, पोस्टात आणि सरकारी कचेऱ्यांत शिरले आणि घाटावर पसरले. पुण्याच्या कॅम्पात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभं राहिलेलं ओहेल डेव्हिड, म्हणजे आपलं ‘लाल देऊळ’, १८६७ चं. रास्ता पेठेत बेने इस्राएलांचं वेगळं सिनेगॉग आहे.

आता शिरूर आणि दौंड नकाशावर ठेवा. शिरूर, म्हणजे घोडनदी, ही जुनी लष्करी छावणी. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कोरेगावकडे निघालेली तुकडी इथूनच निघाली होती. दौंड हे रेल्वेचं जंक्शन. दौंड-मनमाड मार्ग १८७८ मध्ये सुरू झाला. छावणी आणि जंक्शन ही दोन्ही बदलीच्या नोकरीची ठिकाणं. नवरा बदलून येतो, क्वार्टर मिळतं, बायको सोबत येते. तिचं माहेर कोकणात किंवा मुंबईत, सिनेगॉग पुण्यात. अशा बाईला नवऱ्याने मारलं, तर तिच्यासाठी कोणते दरवाजे होते?

पहिला दरवाजा समाजाचा. बेने इस्राएलांत पूर्वी रब्बी नव्हते. धर्मकार्य आणि तंटे बघायला काझी, हझान आणि मुकादम असत, म्हणजे न्याय जमातीच्या बैठकीत. ज्यू धर्मशास्त्रात घटस्फोटाचा लेख असतो, त्याला ‘गेट’ म्हणतात, आणि तो नवऱ्याने बायकोच्या हाती द्यायचा असतो. त्याने दिला नाही, तर ती अडकून पडते. अशा स्त्रीला ‘अगुना’, म्हणजे बांधलेली, असा शब्दच आहे. पण शास्त्र सगळं नवऱ्याच्या बाजूचं होतं असंही नाही. बाराव्या शतकात मायमोनिडीझने लिहून ठेवलं की नवरा असह्य झाला असं बायको म्हणाली, तर त्याला गेट द्यायला लावावं. तेराव्या शतकात जर्मनीतले रब्बी मायर यांनी बायकोला मारणाऱ्याला कडक शिक्षा सांगितली. म्हणजे ‘आमच्या धर्मात असं काही होत नाही’ हे वाक्य टिकत नाही. होत नसतं, तर शिक्षा सांगायची वेळ आली नसती.

आता या विषयातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा दुवा. १९४८ नंतर हजारो बेने इस्राएल इस्राएलला गेले. १९६० च्या सुमाराला तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या विवाहांवर शंका घेतली. मुद्दा घटस्फोटाचाच होता. पूर्वी या समाजाला गेटचे नियम माहीत नसतील, एखादी बाई योग्य गेट न घेता पुन्हा लग्न करून गेली असेल, तर तिच्या मुलांचा वंश शास्त्राने दूषित ठरतो. मुख्य रब्बींनी वंशाची चौकशी करायला सांगितलं. समाज रस्त्यावर उतरला, जेरुसलेममध्ये आंदोलन झालं आणि १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेत, क्नेसेटमध्ये, ठराव झाल्यावर धर्मपीठाला माघार घ्यावी लागली. या वादात समाजाच्या बाजूने एक युक्तिवाद होता : आमच्यात पूर्वी घटस्फोटाची चालच नव्हती.

हा युक्तिवाद नीट वाचा. वंशशुद्धीच्या खटल्यात तो बचावाचा पुरावा आहे, आणि अपमान झालेल्या समाजाने तो मांडला यात गैर काही नाही. पण आपला प्रश्न वेगळा आहे. घटस्फोट नव्हता, म्हणजे मारहाण नव्हती असं नाही. बाहेर पडायला वाट नव्हती, असाही त्याचा अर्थ निघतो. एकच वाक्य एका प्रश्नाचं उत्तर असतं आणि दुसऱ्या प्रश्नावर झाकण. कुठलंही साधन हातात आलं की आधी विचारा : हे कोणापुढे, कशासाठी बोललं गेलं?

दुसरा दरवाजा बाहेरचा, आणि तो दौंड तालुक्यातच होता. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, पुढे ते पुण्यात आलं, आणि १८९६-९७ च्या दुष्काळात केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. शेकडो निराधार बायका-मुली तिथे शिकल्या, विणकाम करू लागल्या, छापखाना चालवू लागल्या. रमाबाईंनी बायबलचं मराठी भाषांतर थेट हिब्रू आणि ग्रीकवरून केलं, तेही केडगावातच. पण १८९३ मध्ये धर्मांतराच्या प्रश्नावरून शारदा सदनातून अनेक मुली काढून नेल्या गेल्या होत्या, हेही लक्षात ठेवायला हवं. आश्रय खरा होता, आणि त्याची किंमत धर्माच्या भाषेत मागितली जाईल ही भीतीही खरी होती. आधीच मूठभर असलेल्या समाजातल्या बाईसाठी ही किंमत दुप्पट. घर सोडलं की देऊळही सुटणार.

तिसरा दरवाजा कायद्याचा. भारतात हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी यांच्या विवाहाबद्दल किंवा घटस्फोटाबद्दल लिखित कायदे आहेत. ज्यूंसाठी असा कायदा आजही नाही. न्यायालयं धर्मशास्त्र आणि रूढी बघून निकाल देतात. म्हणून २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा महत्त्वाचा. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला आणि तो धर्म विचारत नाही. घटस्फोट न मागताही संरक्षणाचा आदेश, राहत्या घराचा हक्क आणि खर्चाची रक्कम मागता येते. बाई तात्पुरती जिथे राहते, तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्याकडेही अर्ज चालतो. म्हणजे मुंबईहून पळून दौंडला मावशीकडे आलेली बाई दौंडच्या कोर्टात जाऊ शकते. संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल भरून देतो. १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे.

मग साधनांत दिसत का नाही? कारण प्रत्येक दप्तर एका दरवाजावर बसलेलं असतं. सिनेगॉगच्या वहीत लग्न येतं, कोर्टात खटला येतो, संस्थेच्या अहवालात दाखल झालेली बाई येते. दाराशी न पोचलेली कुठेच येत नाही. त्यात समाज लहान. २०११ च्या जनगणनेत साऱ्या देशात ज्यू ५ हजारांच्याही आत भरले. एवढ्या लहान समाजात तक्रार करणं म्हणजे आत्या, हझान आणि नणंदेची सासू या सगळ्यांना एकाच वेळी सांगणं. लहान समाज आधार देतो हे खरं, पण गुपित ठेवत नाही.

याच कारणाने तुमच्यावर एक जबाबदारी येते. मोठ्या समाजात नाव बदललं की माणूस झाकला जातो. इथे नाही. ‘तालुक्याच्या गावातली एक ज्यू शिक्षिका’ एवढं लिहिलंत तरी लोक बोट दाखवतील. म्हणून गाव, व्यवसाय आणि वर्ष ही तीन माहिती एकत्र छापू नका. मुलाखत घरी घेऊ नका. संमतीपत्राची प्रत तिच्या पर्समध्ये राहिली तर कोणाच्या हाती लागेल, याचा आधी विचार करा. आणि प्रश्नावलीच्या आधी मदतीचे नंबर तयार ठेवा. तिने सांगितलं आणि तुम्ही नुसतं लिहून घेतलं, याला संशोधन म्हणत नाहीत.

प्रस्तावात शेवटी काय लिहायचं? ‘या समाजात हिंसेच्या नोंदी आढळल्या नाहीत’ एवढ्यावर थांबू नका. कोणती दप्तरं पाहिली, त्यांच्यात कोण येऊ शकत होतं आणि कोण येऊच शकत नव्हतं, हे लिहा. मार्गदर्शकांनी पुन्हा “डेटा कुठाय?” विचारलं, तर हा परिच्छेद पुढे करा. कोणत्या बायका कोणत्या दाराशी पोचू शकल्या नाहीत, हे नेमकं सांगता येणं हाही डेटाच आहे.